‘उपविजेता’ : हरलेल्याला विजेता म्हणायचं?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत परवा बॉक्स क्रिकेटची फायनल झाली. चषकांवर कोरायला मी ‘विजेता’ आणि ‘उपविजेता’ असं लिहून दिलं. कमिटीतले एक काका अडून बसलेत : “हरला तो हरला. ‘उप’ लावून त्याला विजेता कसं करता? दुसऱ्याला टाळ्या पुरेत, चषक कशाला?” चषकाचं आम्ही बघून घेऊ. शब्द चुकलाय का, तेवढं सांगा.

— नाही चुकला. ‘उप’चा मूळ अर्थ जवळ. उपनगर शहराला लागून असतं, उपांत्य फेरी अंतिमच्या अलीकडची. तसा उपविजेता विजयाच्या उंबऱ्यापर्यंत आलेला. पण उपसचिव, उपअभियंता ऐकून ऐकून आपल्या कानात ‘हाताखालचा’ एवढाच अर्थ उरलाय. काकांना तोच ऐकू येत असणार. (आणि वरचा हलला की उपविजेता वर सरकतोही! १९८८ला सोलमध्ये बेन जॉन्सन उत्तेजक चाचणीत सापडला आणि शंभर मीटरचं सुवर्ण कार्ल लुईसला मिळालं.)

— काकांना एकदा तालमीत न्या. ‘उपमहाराष्ट्र केसरी’ ही पदवी पैलवान नावाआधी लावतो, गावच्या कमानीवर झळकते. अंतिम कुस्तीत पाठ टेकली म्हणून ती कोणी खोडत नाही. आणि गंमत बघा, तिथे पहिल्याला मिळते ती गदा चांदीची.

— गदेवरून आठवलं. १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकमध्येही पहिल्यालाच रौप्यपदक होतं. सुवर्ण, रौप्य, कांस्य ही उतरंड १९०४ची.

— शब्द बरोबर, पण सरसकट वापरू नका. मी नेरूळची. २ नोव्हेंबर २०२५ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने ५२ धावांनी महिला क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा समोर दक्षिण आफ्रिका होती. लॉरा वोल्वार्टने १०१ केल्या, ती बाद होईपर्यंत आमच्या घरात कोणी जागचं हललं नव्हतं. त्या संघाला ‘उपविजेता’ शोभतं. समोरासमोर लढून, शेवटच्या सामन्यात हरून मिळालेलं स्थान आहे ते. सिंधूचं २०१६चं रिओतलं रौप्यही तसंच. पण भालाफेकीत कोण कोणाला हरवतं? नीरज चोप्राने टोकियोत ८७.५८ मीटरवर सुवर्ण घेतलं, पॅरिसला ८९.४५ फेकून रौप्य! अर्शद नदीमचा भाला ९२.९७ गेला, त्याला नीरज काय करणार? तिथे मी साधं ‘दुसरा क्रमांक’ म्हणेन.

— ताई, ‘दुसरा’ चालेल, ‘दुय्यम’ तेवढं नको. फारसीतून आलं तेव्हा तेही नुसतं ‘दुसरं’च होतं. आज ‘अव्वल’ ऐटीत मिरवतं आणि ‘दुय्यम दर्जाचा’ म्हटलं की माणूस भांडायला उठतो. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात ‘दुय्यम निबंधक’ ही पाटी मात्र अजून बिनतक्रार लटकतेय.

— सगळ्यांचे आभार. काकांना गदेची गोष्ट सांगितली, विरघळले. चषक दोन्ही देणार, दुसरा त्यांच्याच हस्ते. आता नवी अडचण : कोरणाऱ्याने परस्पर ‘उपविजेते’ केलंय. म्हणतो, “खेळाडू आठ आहेत ना?” पण वर ‘संघ’ हा शब्द आधीच कोरून झालाय. ‘उपविजेते संघ’ वाचून दोन संघ वाटतील की नाही?