स्लॉट मशीनची चाकं खरं बोलायची कधी थांबली? माझ्या मते १९८४

खटपट्या

जुन्या यंत्रांचं मला वेड आहे, सध्या स्लॉट मशीनचा, म्हणजे नाणं टाकून चाकं फिरवायच्या जुगाराच्या यंत्राचा, इतिहास वाचतोय आणि वाचता वाचता एक मत पक्कं झालंय ते मांडतो, पटलं नाही तर खुशाल खोडून काढा. १९८४ पर्यंत हा जुगारच होता, पण चाकावर दिसायचं ते खरं असायचं. त्यानंतर चाकं नुसती देखाव्याला उरली.

सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे म्हणून बव्हेरियातून आलेला एक मेकॅनिक होता, त्यानं १८९८ च्या आसपास लिबर्टी बेल बनवलं. तीन चाकं आणि पाच चिन्हं, घोड्याची नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि घंटा. तीन घंटा ओळीत आल्या की ५० सेंट, आणि ती नाणी मशीन स्वतःच बाहेर टाकायचं. आज यात काय विशेष वाटेल, पण त्याआधीच्या पत्त्यांच्या मशीनमध्ये जुळण्या इतक्या व्हायच्या की कुठली जिंकणारी आणि कुठली हरणारी हे ओळखणारी यंत्रणाच बसवता येत नव्हती. फेनं पाचाची तीन चाकं केली आणि प्रश्न सुटला! चाकाला १० थांबे (थांबायच्या जागा), म्हणजे एकूण १००० शक्यता. चिन्हं मोजा, गुणाकार करा, आपण कितपत बुडणार ते कळतं. फसवणूक नाही.

१९८४ मध्ये इंगे टेल्नेस या संशोधकाला चिपवर चालणाऱ्या मशीनचं पेटंट मिळालं आणि हा हिशोबच मोडला. चिपमधला रँडम नंबर आधी निकाल ठरवतो, मग मोटर चाकांना तिथे नेऊन उभं करते. समोरच्या चाकावर २२ थांबे दिसतात, पण चिपच्या आतलं चाक ६४ थांब्यांचं असू शकतं. चाकावर एकच जॅकपॉटचं चिन्ह असेल तर बघणाऱ्याला शक्यता दिसते १०,६४८ मध्ये एक, आणि खरी असते २,६२,१४४ मध्ये एक. मी याला फसवणूक म्हणतो.

मोजूनमापून

असहमत. जुन्या काळाला उगाच सोवळं नेसवताय तुम्ही.

तुम्ही म्हणता ती पत्त्यांची मशीन, ब्रुकलिनच्या सिटमन आणि पिट यांची, १८९१ ची. पाच ड्रम, प्रत्येकावर दहा म्हणजे ५० पत्ते. पण कॅटात तर ५२ असतात ना? बहुतेक मशीनमधून इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम काढलेला असायचा, त्यामुळे रॉयल फ्लश, म्हणजे पोकरमधली सगळ्यात मोठी जुळणी, लागायची शक्यता थेट निम्मी. बक्षीस बारवाला द्यायचा, बिअर नाहीतर सिगार. पुढे चाकांची मशीन आली तेव्हा मेकॅनिक लोक आतल्या खाचेत धातूचा बारीक तुकडा बसवायचे, त्याला बग म्हणायचे, की एखादं चिन्ह ओळीत थांबायचंच नाही. चाकावर ते दिसतंय, फिरतंय, पण लागणार कधीच नाही. हे सगळं चिप यायच्या कितीतरी आधीचं आहे. आणि शिकागोच्या मिल्स कंपनीनं चाकावर २० चिन्हं केली तेव्हा १००० च्या ८००० शक्यता झाल्याच की, खेळणाऱ्याला कोणी बोलावून सांगितलं होतं?

दुसरं म्हणजे जॅकपॉट. २२ थांब्यांवर मोठं बक्षीस परवडतच नाही, दहा हजारात एकदा मशीन दिवाळखोर होईल. लोकांना मोठी रक्कम हवी होती. १९८६ ला मेगाबक्स आलं, अमेरिकेतल्या नेवाडा राज्यभरची मशीन एका जॅकपॉटला जोडलेली, त्यावर २००३ मध्ये लास वेगासच्या एक्सकॅलिबर कॅसिनोत एकाला ३ कोटी ९७ लाख डॉलर लागले. टेल्नेसच्या कल्पनेशिवाय एवढा आकडा झालाच नसता.

सर्किटवाला

एक सांगतो कारण यावर लोकांचा कायम गोंधळ असतो. आतला रँडम नंबर जनरेटर कोणी खेळत नसतानाही फिरतच असतो, तुम्ही बटण दाबलं त्या क्षणीचा आकडा उचलला जातो आणि निकाल तिथेच संपला, पुढे चाकं फिरतात ती नुसती गोष्ट सांगायला. त्यामुळे "हे मशीन बराच वेळ दिलं नाही, आता देईल" याला काही अर्थ नाही, आणि तुम्ही उठल्यावर दुसऱ्याला लागलं तरी हळहळू नका, तुम्ही बसला असतात तर तोच क्षण पकडला गेला असता याची शक्यता जवळपास शून्य.

माझ्या मते खरं वळण १९८४ चं नाहीच, १९६३-६४ चं आहे. बॅली कंपनीचं मनी हनी हे मशीन आलं, आत विजेवर चालणारा हॉपर, ५०० नाणी माणसाच्या मदतीशिवाय ओतणारा. दांडा त्यातही होता पण तो सवयीखातर ठेवलेला. तिथून वेग वाढला आणि वेग म्हणजेच पैसा. साधा हिशोब करा, तासाला ६०० डाव, डावाला एक डॉलर, मशीन ९० टक्के परत देतं असं धरलं तरी सरासरी तासाला ६० डॉलर गेले, तेच १०० डाव खेळलात तर दहाच जातात.

खटपट्या

बग आणि बदामचा गुलाम, दोन्ही मान्य, "फसवणूक नाही" हे माझं वाक्य मागे घेतो. पण मोजूनमापून, फरक बघा ना. बग बसवणारा चोरून बसवायचा, पकडला गेला तर त्याची खैर नव्हती. टेल्नेसच्या पेटंटमध्ये तर हे उघड लिहिलंय की कायद्याच्या मर्यादेत राहून प्रत्यक्षापेक्षा जास्त शक्यता भासेल असं मशीन बनवणं महत्त्वाचं आहे. भासेल! म्हणजे भास हाच माल आहे आणि त्याला सरकारी शिक्का.

आणि नुसती शक्यता लपवून थांबले नाहीत. चिपमधले जास्तीचे थांबे जॅकपॉटच्या लगेच वरच्या आणि खालच्या रिकाम्या जागेला वाटून दिले की काय होतं, जॅकपॉट सारखा ओळीच्या बोटभर वर नाहीतर खाली येऊन थांबतो. "थोडक्यात गेलं." थोडक्यात वगैरे काही गेलेलं नसतं. केंब्रिजमधल्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की अशा हुकलेल्या डावाला मेंदूचे तेच भाग जागे होतात जे जिंकल्यावर होतात.

मोजूनमापून

पण नेवाडाच्या गेमिंग कमिशननंच १९८९ मध्ये एका जपानी कंपनीचं "थोडक्यात हुकलं" दाखवणारं प्रोग्रॅमिंग बंद पाडलं होतं. म्हणजे लक्ष ठेवणारे आहेत. कमीत कमी ७५ टक्के परत द्यायचे हा नियमही तिथे आहे.

खटपट्या

तोच निर्णय तर मला खुपतो. त्या कंपनीचं मशीन हरलेला डाव आधी ठरवायचं आणि मग जिंकता जिंकता राहिल्यासारखी चिन्हं लावायचं, ते बंद केलं. टेल्नेसची पद्धत त्याच जागी पोचते, फक्त थांबे आधीच वाटून ठेवलेले असतात, ती चालू राहिली. बघणाऱ्याच्या डोळ्याला दोन्हीत काय फरक?

सर्किटवाला

लक्ष ठेवणाऱ्यांचं म्हणाल तर मशीनच्या चिप तपासणारा नेवाडाच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाचाच कर्मचारी, रॉन हॅरिस, यानं नव्वदच्या दशकात काही मशीनमध्ये स्वतःचा कोड घातला होता. ठराविक क्रमानं नाणी टाकली की मशीन द्यायचं. प्रकरण उघडकीस आलं ते अटलांटिक सिटीत, त्याचा साथीदार केनो (आकडे निवडायचा खेळ) खेळला तेव्हा, म्हणजे स्लॉटच्या तपासणीत नाहीच.

आणि तुम्ही दोघं अजून चाकावरच अडकलाय. स्क्रीनवरच्या मशीनमध्ये २० ओळींवर २० नाणी लावायची, ८ परत येतात, दिवे लागतात, गाणं वाजतं. गेली १२, आणि मशीन तुमचं अभिनंदन करतंय. वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी खेळणाऱ्यांच्या त्वचेवर मापं घेतली तर अशा हरण्याला शरीर जिंकल्यासारखाच प्रतिसाद देतं असं निघालं. इथे शक्यतेचं गणित लपवायचीही गरज नाही.

मोजूनमापून

हे मात्र मलाही पटत नाही. लावले त्यापेक्षा कमी परत आले तर मशीननं गप्प बसावं, एवढा नियम करायला कोणाची हरकत नसावी. पण चाकाच्या बाबतीत मी मागे हटणार नाही, मोठा जॅकपॉट हवा असेल तर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा मोठं लागणारच.

खटपट्या

लागू दे की. मग मशीनवर ठळक आकड्यात लिहा, २,६२,१४४ मध्ये एक. लिहून बघा, किती जण नाणं टाकतात.