विषय: सँडी हुक – आई-बाबांना न्यायचंय, बीच का किल्ला?

नमस्कार मंडळी,
आई-बाबा पुण्याहून आलेत. मुलांना पाणी पाहिजे, बाबांना किल्ला पाहिजे, गुडघे दुखतात तरी किल्ला म्हटलं की ते घरी थांबत नाहीत. न्यू जर्सीतल्या सँडी हुकला, म्हणजे समुद्रात गेलेल्या त्या वाळूच्या पट्ट्यावर, दोन्ही आहे असं ऐकलं. खरंच बघण्यासारखं आहे का नुसत्या पडक्या भिंती? आणि शनिवारी एडिसनहून अकराला निघालो तर चालेल ना?

---

> शनिवारी एडिसनहून अकराला निघालो तर चालेल ना?

अजिबात नको. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी पार्किंग भरलं की गेटवरूनच गाड्या परत पाठवतात. मागच्या वर्षी आमच्या चार गाड्या सगळे डबे घेऊन हायलँड्सच्या पुलाअलीकडूनच मागे फिरल्या, पोरं रडकुंडीला आली होती. सकाळी आठच्या आत पोचा. पार्किंगची फी बीचच्या लॉटना असते, किल्ला आणि दीपगृह बघायला काही पैसे नाहीत.

आता बाबांसाठी. त्यांना आधीच सांगून ठेवा की हा सिंधुदुर्गसारखा बुरूज-तटबंदीचा किल्ला नाही. फोर्ट हँकॉक हे नाव १८९५ चं, न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरचा पहारा, सगळं काँक्रीट, आणि १९७४ मध्ये लष्कराने तो सोडला. पण तोफांची युक्ती बघण्यासारखी आहे. बॅटरी पॉटरमध्ये (बॅटरी म्हणजे तोफांचा मोर्चा) १२ इंची दोन तोफा वाफेच्या जोरावर लिफ्टसारख्या वर यायच्या आणि गोळा सुटला की परत खाली. नंतरच्या बॅटऱ्यांमध्ये तर गोळ्याच्या धक्क्यानेच तोफ भिंतीआड खाली बसायची, तिथे आडोशाला भरायची आणि दुसऱ्या बाजूला टांगलेल्या वजनाच्या जोरावर पुन्हा वर, म्हणजे समुद्रातल्या जहाजाला तोफ दिसणार ती फक्त डागतानाच. पॉटर आतून बघायची असेल तर टूर असेल तो दिवस बघून जा. बाकी बॅटऱ्यांना बऱ्याच ठिकाणी कुंपण आहे, ते ओलांडू नका, छताचे तुकडे पडतात, आतल्या सळया गंजून फुगल्यात आणि भिंतीवर तांबडे ओघळ आलेत.

गुडघ्यांची काळजी नको, सगळं सपाट आहे. दीपगृहावर चढू देऊ नका मात्र, जिना संपला की वर शिडी आहे. खालूनच दाखवा आणि सांगा की हे १७६४ चं आहे, म्हणजे तिकडे पानिपतानंतर माधवराव पेशवे राज्य सावरत होते तेव्हा इकडे हा दिवा लागला आणि अजून चालू आहे, अमेरिकेत इतकं जुनं चालू दीपगृह दुसरं नाही. बांधलं तेव्हा ते टोकापासून ५०० फुटांवर होतं, आता टोक दीडेक मैल लांब गेलंय. लाटा दक्षिणेकडून किनाऱ्याने वाळू ओढत आणतात आणि टोकाला टाकतात, अडीचशे वर्षं हेच चाललंय. मला तरी तिथलं सगळ्यात हेच आवडतं.

---

दादांनी सगळं लिहिलंच आहे, फक्त एक राहिलं आणि ते ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना सांगायलाच हवं. पार्किंगच्या 'G' लॉटसमोरचा गनिसन बीच हा कपड्यांशिवाय वावरायला परवानगी असलेला बीच आहे. पाटी असते पण पोरं पुढे पळतात, तेव्हा गाडी दुसऱ्या लॉटला लावा. आणि झुडपात शिरू नका, पॉयझन आयव्ही (अंगाला लागली की खाज आणणारी वेल) खूप आहे, घरी आल्यावर टिक्स, म्हणजे गोचीड, बघा, मुलांच्या कानामागे पण. जेवायला खाडीच्या बाजूला बसा, समुद्राकडे वारा एवढा असतो की दडप्या पोह्यात वाळू येते.

---

काकू, दादा, मनापासून थँक्यू! काल जाऊन आलो, साडेसातला गेटवर होतो. मुलं दुपारपर्यंत पाण्यात आणि मग आम्ही खाडीकाठच्या त्या ऑफिसरांच्या पिवळ्या विटांच्या घरांच्या ओळीने चालत गेलो. काही नीट केलीत, काहींचे व्हरांडे खचलेत. एका धुराड्यावर ऑस्प्रेचं घरटं होतं, मादी चोचीने मासा तोडून पिल्लांना भरवत होती, आई तिथून पंधरा मिनिटं हलली नाही.

बाबा दीपगृहापाशी थांबले आणि पहिलंच विचारलं, अरे पण समुद्र कुठाय? मग वाळूचं सांगितलं तर ते टोकापर्यंत चालत निघाले, अर्ध्यातून परत आणलं. अलिबागला ओहोटीला कुलाब्याच्या किल्ल्यात चालत गेलो होतो ते रात्री जेवताना सगळं पुन्हा सांगितलं.

नाइन गन बॅटरी राहिली. लेबर डे (इथे सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाला की गर्दी कमी होईल, तेव्हा परत जाणार. तेव्हा कोणी येणार असेल तर कळवा, आमच्या गाडीत दोन सीट आहेत.