छायाचित्रण मंडळाच्या शैक्षणिक सभा: व्याख्याने कमी करून सभासदांच्या छायाचित्रांवर बोलावे का?

धागाकर्ता:

आमच्या छायाचित्रण मंडळाची शैक्षणिक सभा महिन्यातून एकदा भरते आणि दोन तास चालते. त्यातला दीड तास पाहुणे वक्ते पडद्यावर स्लाइड दाखवत बोलतात, वीस मिनिटे प्रश्नोत्तरे होतात आणि उरलेल्या दहा मिनिटांत सूचना व आभार उरकतात. याखेरीज वर्षाला तीन-चार कार्यशाळा होतात. गेली सहा वर्षे मी यांपैकी बहुतेक कार्यक्रमांना हजर राहिलो आहे आणि त्यातली दोन वर्षे कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीतही होतो, त्यामुळे पुढे मांडलेल्या उणिवांना मीही तितकाच जबाबदार आहे. माझा प्रस्ताव असा आहे की व्याख्यान अर्ध्या तासावर आणावे आणि राहिलेला सगळा वेळ सभासदांनी त्या महिन्यात काढलेली छायाचित्रे पडद्यावर लावून त्यांवर बोलण्यासाठी द्यावा.

हे मला का वाटू लागले, ते एका प्रसंगावरून सांगतो. मागे एकदा एक्स्पोजरवर, म्हणजे छायाचित्र काढताना किती प्रकाश आत घ्यायचा यावर, उत्तम व्याख्यान झाले होते. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो, म्हणून पांढरी वस्तू मळकट येते आणि काळी वस्तू फिकट, हे वक्त्यांनी नेमके समजावले होते आणि बहुतेकांनी ते वहीत उतरवूनही घेतले होते. पुढच्याच आठवड्यात आम्ही एकत्र छायाचित्रे काढायला गेलो, तेव्हा चुन्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर बसलेल्या एका वृद्धाचे छायाचित्र अकरा जणांनी काढले आणि त्यांतल्या नऊ छायाचित्रांत भिंत राखाडी आली. नियम प्रत्येकाला ठाऊक होता, पण तो लागू करण्याची वेळ हीच आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही. नंतर त्यांतले एक छायाचित्र पडद्यावर लावून कोणीतरी विचारले, ‘ही भिंत खरोखर अशी राखाडी होती का?’ त्या एका प्रश्नानंतर पाच मिनिटांत जे सगळ्यांच्या मनात पक्के बसले, ते दीड तासाच्या व्याख्यानाने बसले नव्हते. त्या दिवसापासून पांढरा विषय समोर आला की आमच्यातले बरेच जण आपण होऊन एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवतात (एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे, घटवणे म्हणजे निम्मा करणे).

कामावर चर्चा करून शिकवण्याची ही पद्धत नवी नाही. ग्राफिक डिझायनर अलेक्सी ब्रोडोविच यांनी १९३३ मध्ये फिलाडेल्फियात ‘डिझाइन लॅबोरेटरी’ नावाचे वर्ग सुरू केले आणि पुढे ते न्यूयॉर्कमध्ये चालवले. त्या वर्गांत अभ्यासासाठी विषय दिला जाई, विद्यार्थी काम करून आणत आणि त्या कामावर सगळ्यांसमोर चर्चा होई. अर्व्हिंग पेन आणि रिचर्ड अ‍ॅव्हेडन हे या वर्गांतून गेलेले छायाचित्रकार. आपल्यासारख्या हौशी मंडळाची त्यांच्याशी तुलना होऊ शकत नाही, हे मला मान्य आहे, पण ती पद्धत उचलायला काही अडचण दिसत नाही.

कार्यशाळांबद्दलही एक गोष्ट मनात आहे. व्यक्तिचित्रणाच्या कार्यशाळेत एक मॉडेल असते, मार्गदर्शक प्रकाशयोजना लावून देतात आणि पंधरा जण एकामागोमाग एक तीच फ्रेम टिपतात. घरी नेलेले छायाचित्र देखणे असते, परंतु ते मार्गदर्शकांचे असते. त्याऐवजी एकच दिवा ठेवून प्रत्येकाला तो स्वतः लावायला सांगावा, आणि चुकला तर चुकू द्यावा, असे मला वाटते.

प्रतिसाद १:

प्रस्तावाला माझा विरोध आहे आणि तो नुसत्या सवयीपोटी नाही. मी या विषयावर अनेक वर्षे नवशिक्यांचे वर्ग घेतले आहेत. चर्चेतून माणूस शिकतो हे खरे, पण त्या दिवशी पडद्यावर जे येईल तेवढेच तो शिकतो. ज्या महिन्यात सगळ्यांनी फुलांची छायाचित्रे आणली, त्या महिन्यात फुलांवर बोलणे होईल, आणि फ्लॅशचा विषय कोणीच आणला नाही तर तो वर्षभर निघणारच नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४०च्या सुमारास एक्स्पोजर ठरवण्याची झोन पद्धती बांधली, ती शिकवण्याच्या गरजेतूनच. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या, दर पायरीत एका स्टॉपचे अंतर, आणि मधोमध तो मध्यम राखाडी, ज्याचा उल्लेख आपण भिंतीच्या गोष्टीत केला. अशी क्रमवार मांडणी चार जणांच्या गप्पांतून उभी राहत नाही. कोणीतरी बसून विचार करावा लागतो आणि ती ऐकणाऱ्यांना शेवटपर्यंत ऐकावी लागते.

एक लहान उदाहरण देतो. अपर्चरचे, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचे, आकडे १.४, २, २.८, ४, ५.६, ८ असे का चढतात, हे मी सभेत विचारले की बहुतेक जण गप्प राहतात. दर आकडा आधीच्या सुमारे १.४ पट असतो, कारण आकडा तेवढा वाढून छिद्राचा व्यास तेवढ्याच पटीने कमी झाला की क्षेत्रफळ निम्मे होते आणि प्रकाशही निम्मा होतो. हे एकदा समजले की पुढची गंमत उलगडते: हेच आकडे मीटरमधले अंतर म्हणून वाचले, तर उघडा दिवा १.४ मीटरवरून २ मीटरवर सरकवताना प्रकाश बरोबर एका स्टॉपने घटतो, कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपटीने कमी होतो. मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्यावर लावायचे, प्रकाश मऊ करणारे खोके) अगदी जवळ असेल तर हा नियम जसाच्या तसा चालत नाही, हेही तिथेच सांगावे लागते. एखाद्याचे छायाचित्र पाहता पाहता इतके सगळे निघेल, असे आपल्याला खरोखर वाटते का?

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. ज्यांना पुरेसे ठाऊक नाही अशा लोकांनी एकमेकांच्या कामावर बोलायला सुरुवात केली की तयार सूत्रे तोंडात येतात. ‘विषय मधोमध आहे, तो एक-तृतीयांशावर हवा होता’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते बोलणाऱ्याने छायाचित्र पाहिलेच नाही अशी माझी खात्री होते. चौकटीचे तीन-तीन समान भाग कल्पून विषय त्यांच्या रेषांवर ठेवण्याचा, म्हणजे तृतीयांशाचा, हा नियम या नावाने १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने निसर्गदृश्यांविषयी लिहिताना मांडला, म्हणजे छायाचित्रणाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी. तो एक उपयोगी संकेत आहे, पण आपल्या मंडळांत त्याचा कायदा झाला आहे, आणि चर्चेचा वेळ वाढवल्याने तो कायदा अधिकच घट्ट होईल.

प्रतिसाद २:

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. मी दीड वर्षापूर्वी एका मंडळाची सभासद झाले. तिसऱ्या सभेत माझे एक छायाचित्र पडद्यावर लावले गेले. ते माझ्या आजीच्या हातांचे होते. पहिलेच वाक्य ‘फोकस अंगठीवर आहे, बोटांवर नाही’ असे आले, दुसरे ‘पार्श्वभूमी विचलित करते’ असे, आणि पुढचे छायाचित्र लागले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यानंतर सात महिने मी एकही छायाचित्र दिले नाही, मात्र व्याख्यानांना नियमित गेले, कारण तिथे मागच्या रांगेत बसून शिकता येत होते आणि आपण किती कमी जाणतो हे कोणाला दाखवावे लागत नव्हते. आपण ब्रोडोविच यांचे नाव घेतले आहे, पण त्यांची टीका फार कठोर असे, हेही त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. जे टिकले त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. जे वर्ग सोडून गेले त्यांची नावे कोणी लिहून ठेवत नाही.

प्रतिसाद ३:

वरचा अनुभव वाचून वाईट वाटले, पण तो चर्चेविरुद्धचा पुरावा नाही, वाईट रीतीने चालवलेल्या चर्चेविरुद्धचा आहे. आमच्याकडे गेली तीन वर्षे छायाचित्रे नावाशिवाय लावली जातात आणि पहिली दोन मिनिटे कोणालाही चांगले-वाईट म्हणण्याची परवानगी नसते. फक्त जे दिसते ते सांगायचे: प्रकाश कुठून येतो, नजर आधी कुठे जाते, नंतर कुठे सरकते, कडेला काय कापले गेले आहे. हे ऐकायला सोपे वाटते, पण करायला फार अवघड आहे, आणि ‘तृतीयांश’ म्हणणारे लोक याच दोन मिनिटांत गोंधळतात, कारण त्यांना आधी पाहावे लागते. त्यानंतर छायाचित्रकाराची इच्छा असेल तर तो आपल्याला काय दाखवायचे होते ते सांगतो, आणि मग पुढची चर्चा त्या हेतूला धरून होते. आजीच्या हातांचे ते छायाचित्र आमच्या सभेत आले असते, तर अंगठीवर फोकस आहे हे पहिल्या मिनिटात निघालेच असते, पण ‘अंगठीच महत्त्वाची होती का?’ असा प्रश्न म्हणून निघाले असते.

एका सभेत आम्ही आठच छायाचित्रे घेतो. तीस लावली की प्रत्येकाला तीन-तीन मिनिटे मिळतात आणि तेवढ्या वेळात शेरे मारण्यापलीकडे काही होत नाही.

धागाकर्ता:

प्रतिसाद २ मध्ये जे लिहिले आहे ते मी दोनदा वाचले. माझ्या मूळ प्रस्तावात मी एवढाच विचार केला होता की वेळ कशाला द्यायचा. तो वेळ कसा चालवायचा याचा विचार मी केला नव्हता आणि ती माझी मोठी चूक होती. नावाशिवाय छायाचित्रे लावणे आणि आठांची मर्यादा ठेवणे, या दोन्ही गोष्टी मी प्रस्तावात घेतो.

मात्र प्रतिसाद १ मधील एका गृहीतकाशी मी सहमत नाही. अपर्चरच्या आकड्यांचे आपले स्पष्टीकरण अतिशय सुंदर आहे आणि मीही ते जपून ठेवणार आहे. परंतु ते लिहायला आपल्याला एक परिच्छेद लागला. तोंडी सांगायला दहा मिनिटे पुरतील आणि दिवा व मोजपट्टी घेऊन करून दाखवायला वीस. म्हणजे अर्ध्या तासात ते बसते. आपल्या सभांतल्या दीड तासाच्या व्याख्यानांत खरा विषय साधारण इतकाच असतो. राहिलेल्या वेळात वक्त्यांचा प्रवास, त्यांची पारितोषिके आणि त्यांच्याकडचे लेन्स येतात. मी हे तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. कार्यक्रम ठरवताना आम्हीच त्यांना ‘दीड तास बोला’ असे सांगत होतो आणि तो भरून काढणे त्यांना भाग होते.

प्रतिसाद ४:

कार्यशाळांबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. नवशिक्याच्या हातात दिवा देऊन ‘चुकू द्या’ म्हणणे मला पटत नाही. ज्याने चांगला प्रकाश एकदाही जवळून पाहिलेला नाही, त्याला आपले चुकले हेच कळत नाही. मार्गदर्शकांनी लावलेल्या प्रकाशात काढलेले छायाचित्र स्वतःचे नसते हे खरे, पण गाणे शिकणाराही आधी गुरूंची बंदिश जशीच्या तशी गातो. माझा आक्षेप कार्यशाळेच्या लांबीवर आहे. एका रविवारी सकाळी दहा ते पाच सगळे शिकवून टाकायचे आणि पुढच्या वर्षापर्यंत काही नाही, यात कोणाचाच हात बसत नाही. न्यूयॉर्कची ‘फोटो लीग’ ही छायाचित्रकारांची संस्था १९३६ ते १९५१ या काळात चालली. तिथे वर्ग होते, डार्करूम होती आणि अ‍ॅरन सिस्किंड या छायाचित्रकारांच्या गटाने हार्लेम या वस्तीवर एकत्र काम केले, ते एका दुपारचे नव्हते, काही वर्षांचे होते. आपल्याला वर्षे देता येणार नाहीत, पण एकाच विषयाच्या चार संध्याकाळी तरी देता येतील. पहिल्या संध्याकाळी मार्गदर्शकांनी लावलेला प्रकाश पाहावा, दुसऱ्या संध्याकाळी तोच स्वतः लावून पाहावा, आणि मग पुढच्या दोन संध्याकाळी तो मोडावा.

प्रतिसाद ५:

पाच ओळींत एक सूचना. चर्चा आणि स्पर्धा एकाच संध्याकाळी ठेवू नका. ज्या सभेच्या शेवटी गुण दिले जातात, त्या सभेत लोक गुण मिळतील अशीच छायाचित्रे आणतात, आणि अडलेले, अर्धवट जमलेले काम, ज्यावर बोलण्यासारखे सर्वाधिक असते, ते घरीच राहते.

प्रतिसाद २:

प्रतिसाद ३ मधली पद्धत वाचल्यावर माझे मत थोडे बदलले आहे, पूर्ण नाही. नाव झाकले तरी लहान मंडळात कोणाचे छायाचित्र कोणते हे अर्ध्या लोकांना ओळखू येते, कारण प्रत्येक जण त्याच त्याच विषयांकडे वळतो. म्हणून छायाचित्र देणे ऐच्छिकच राहावे आणि जे देत नाहीत त्यांना ‘तुम्ही कधी देणार?’ असे विचारले जाऊ नये, एवढी अट मी घालीन. शिवाय अर्ध्या तासाचे का असेना, व्याख्यान आधी असावे. आधी काहीतरी ऐकले की पाहताना शोधायला काहीतरी असते.

प्रतिसाद १:

व्याख्यान आधी ठेवण्याची सूचना मला सर्वांत मोलाची वाटते आणि तिच्यामुळे माझा विरोध बराच सौम्य झाला आहे. ज्या महिन्यात बाजूने येणाऱ्या प्रकाशावर बोलणे झाले, त्या महिन्यात सभासदांनी त्याच प्रकाशातले काम करावे आणि पुढच्या सभेत तीच छायाचित्रे लागावीत, असा क्रम धरला तर अभ्यासक्रमही राहतो आणि चर्चाही भरकटत नाही. अर्ध्या तासाऐवजी चाळीस मिनिटे द्यावीत, एवढा माझा आग्रह आहे. अंतर आणि प्रकाश यांवरचे पहिले व्याख्यान देण्याची माझी तयारी आहे. दिवा आणि मोजपट्टी मी आणीन.

माझी एक शंका मात्र अजून तशीच आहे. दोन मिनिटे नुसते पाहायला लावणारी ती चर्चा कोण चालवणार? व्याख्यानासाठी बाहेरून वक्ता बोलावता येतो. पण बोलणाऱ्याला मधेच थांबवून ‘आधी काय दिसते ते सांगा’ असे म्हणू शकणारा माणूस दर महिन्याला मंडळातूनच यावा लागेल, आणि ज्येष्ठ सभासदाला असे थांबवणे आपल्यापैकी किती जणांना जमेल, हे प्रतिसाद ३ लिहिणाऱ्यांनी त्यांच्या तीन वर्षांच्या अनुभवावरून सांगावे.

प्रतिसाद ३:

पहिले सहा महिने कोणालाच जमले नाही. नंतर आम्ही ही जबाबदारी दर महिन्याला चिठ्ठी काढून ठरवू लागलो आणि नव्या सभासदांची नावेही त्यात घातली. ज्याने स्वतः एकदा चर्चा चालवली, तो पुढच्या महिन्यात दुसऱ्याने थांबवल्यावर रागावत नाही, असे आढळले. दोन ज्येष्ठ सभासद अजूनही रागावतात.