दोन भाषांनी पोराचं व्याकरण बिघडतं म्हणे!

बेळगावकरीण: "पाच वर्षांपर्यंत एकच भाषा बोला, नाहीतर मूल गोंधळतं" हा कालचा उपदेश वाचून राहवेना. आमच्या गल्लीतली पोरं घरात मराठी, बाहेर कानडी बोलतच वाढली. कुणाचं काही अडलं नाही.

जर्सीचा बाबा: उपदेश माझाच. ताई, तुमच्या गल्लीत दोन्ही भाषा दिवसभर कानावर पडतात. इथे मराठी म्हणजे मी, बायको आणि रविवारची शाळा. चार वर्षांच्या मुलीला म्हटलं, "वाघाला सशाने पकडलं, चित्र दाखव." तिने वाघाने ससा पकडलेलं चित्र दाखवलं! इंग्रजीसारखं पहिला तो कर्ता. 'ला', 'ने' गेले हवेत.

बेळगावकरीण: ससा वाघाला पकडतो कधी? नुसती मराठी बोलणारं पोरही तेच चित्र दाखवेल. घोडा-गाय घ्या, मग बोला. आणि फक्त इंग्रजी बोलणारी मुलंसुद्धा कर्मणी वाक्य चार-पाच वर्षांची होईस्तोवर उलटं समजतात. तिथे कुठली मराठी आडवी येते?

इंदूरी काका: आमच्या नाती 'मैंने'च्या नादाने "मीने केलं" म्हणतात. कान किटले!

शंकेखोर: काका, 'त्याने', 'तिने' चालतं, मग 'मी'लाच 'ने' का नको? पोरींनी नियम पकडलाय, फक्त नको तिथेही लावला.

इंदूरी काका: वा! म्हणजे चुकीला शाबासकी. उद्या 'पाणी'चा 'णी' ऱ्हस्व लिहा, तोही नियमच.

पुणेरी आई: ऱ्हस्व-दीर्घ राहू द्या, आमच्या सोसायटीत "बेटा, वॉटर फिनिश कर" चाललंय. आणि हेच लोक मराठी दिनाला फेटे बांधतात!

इंदूरी काका: फेट्यावर घसरू नका. इंदुरात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकवली, तुम्ही पुण्यात राहून घालवलीत.

पुणेरी आई: टिकवलीत ना? मग 'मीने' कुठून आलं?

शंकेखोर: भांडण संपलं की वाचा. "ज्या मुलाला आजीने लाडू दिला तो पळाला" असली वाक्यं "बूट घाल, दूध पी"मध्ये येतच नाहीत. ती गोष्टीत येतात. गोष्टीच ऐकवल्या नाहीत, तर एकभाषिक पोरही तिथे अडखळेल.

जर्सीचा बाबा: "घोड्याला गायीने ढकललं" विचारलं. घोड्यानेच ढकललं म्हणते. झालं समाधान?

बेळगावकरीण: झालं. मराठी कमी पडतेय, हे मान्य. पण म्हणून इंग्रजी बंद? शेजारची पोरं काय खुणेने खेळणार?

जर्सीचा बाबा: बरं, नाही करत बंद. गोष्टी सांगायला मात्र तुम्हीच या. आमची आई अजून व्हिसाच्या तारखेची वाट बघतेय.