माझगाव म्हणे झोपलंय!

डॉकयार्डचा_उतार
भटकंतीवर लिहिणाऱ्या एका साहेबांची पोस्ट दोन दिवस सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. ज्यांच्यापर्यंत आली नाही त्यांच्यासाठी सारांश: माझगाव म्हणजे मुंबईत मागे राहिलेलं छोटंसं गोवा. जुने बंगले, क्रॉस, टेकडीवरची बाग, एकेकाळी वर्षातून दोनदा धरणारे आंबे. गोदीच्या भिंतीमागे आता काही उरलेलं नाही, तेव्हा बंदराची जमीन मोकळी होऊन मरीना आणि कॅफे आले की या झोपलेल्या भागात जीव येईल. खाली बदामांचा सडा.

भिंतीमागे काही नाही? अहो, तिथे माझगाव डॉकचा कारखाना आहे, १७७४ मध्ये ड्राय डॉक, म्हणजे पाणी काढून जहाज दुरुस्त करायची कोरडी गोदी, बांधलं तेव्हापासून जहाजांचं काम चालतंय. १९६० ला सरकारने कारखाना ताब्यात घेतला. ‘नीलगिरी’ युद्धनौका १९७२ ला इथूनच नौदलात गेली आणि ‘कलवरी’ पाणबुडी २०१७ ला. साहेबांनी सकाळी डॉकयार्ड रोडला उतरून बघावं. गाडी आली की जिन्यावरून गर्दी खाली ओघळते, गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, एखाद्याच्या दोन बोटांत हेल्मेटचा पट्टा. क्षणात जिना रिकामा, आणि पुढच्या गाडीला परत तेच. झोपलेल्या भागात हे चालतं होय?

आणि हा भाग बंगल्यांनी नाही घडवला. १८७३ ला पोर्ट ट्रस्ट आला, १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया. समुद्र भरत भरत किनारा पुढे ढकलला. हार्बर लाइन १९१० ला कुर्ल्याहून रे रोडपर्यंत आली आणि १९२५ ला आमच्या डोक्यावरून बोरीबंदरला गेली. माझगावचं पोर्तुगीज काळातलं ग्लोरिया चर्च पाडलं आणि १९१३ ला नवं बांधलं ते भायखळ्यात. म्हणजे साहेब ज्या माझगावासाठी उसासे टाकतायत ते बंदराने शंभर वर्षांपूर्वीच गिळलंय.

आमचे आजोबा गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे जहाजावरच्या मालाची मोजदाद करणारे, होते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ फुटली, एकाच जहाजात दारूगोळा आणि वर कापसाच्या गासड्या. अग्निशमनचे ६६ जवान त्यात गेले. आमच्या घराच्या काचांचा चुरा झाला आणि त्यानंतर आजीने त्या खिडकीला काच म्हणून बसवू दिली नाही. ती जाईपर्यंत पत्राच होता. कोणाला तिथे कॅफे काढायचा असेल तर काढा, पण इथे काही घडलंच नाही असं सांगू नका.

पाखाडीची_पोर
बाकी सगळं मान्य, पण ‘बंगल्यांनी नाही घडवला’ हे जरा जपून. माथारपाखाडी, आमचं माझगावातलं जुनं गावठाण, तुमच्या गोदीच्या आधीपासून आहे, आणि तिथे बंगल्यांत राहणारे जमीनदार नव्हते, कारकून होते, शिक्षक होते. काका बाप्टिस्टा इथलेच, १८६४ चा जन्म. टिळकांचे वकील, होमरूलवाले, पुढे मुंबईचे महापौर. तुमच्या कामगारांच्या युनियन बांधायलाही तेच गेले होते. टेकडीवरच्या बागेला त्यांचं नाव आहे, पण तिथे फोटो काढणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ते कोण हे सांगता येणार नाही.

आणि त्या साहेबांसाठी: आम्ही गोव्याचे नाही. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचेच मूळचे ख्रिस्ती. इथलेच. घरात मराठी बोलतो, तुमच्या मराठीपेक्षा वेगळी आहे म्हणून ती कोंकणी होत नाही. मला ऑफिसात आजही विचारतात, गणपतीत गावाला गोव्याला जाणार का. एक तर गणपती, वर गोवा!

खाडीकिनारा
त्या पोस्टखाली बदाम टाकणाऱ्यांत मीही आहे, तेव्हा बोलतो.

लहानपण दारूखान्यात गेलं. जहाजं तोडायचं काम रात्रंदिवस. गॅस कटरचा तो कडू धूर पडद्यांत, गाद्यांत, भातात. वडिलांचा खोकला कधी गेलाच नाही. तुम्ही गोदीचा अभिमान सांगता, छान आहे. पाठीवर पोती वाहिलेल्या माणसाला विचारा, त्याने पोराला गोदीत घातलं का? आमच्या आळीत तरी एकानेही नाही.

दुसरं. माझगाव समुद्रकाठी आहे म्हणता, पाणी बघायला कुठे जाता? एक भाऊचा धक्का, नाहीतर टेकडीवर चढून क्रेनच्या फटीतून. बाकी मैलोन् मैल भिंत. मरीन ड्राइव्हला कोणीही जाऊन बसतो, आमच्या वाट्याला कुंपण. आणि कंटेनर तर १९८९ पासून खाडीपलीकडच्या न्हावाशेवा बंदराला जायला लागले. गोदी गेलीय, राहिलीय ती भिंत. ती पडावी असं वाटणं म्हणजे इतिहासाचा खून नव्हे.

डॉकयार्डचा_उतार
भिंत पडावी याला माझा विरोध कुठे आहे? पडल्यावर आत कोण बसणार हा प्रश्न आहे. तुमच्या आळीतले बसणार असतील तर मी स्वतः पहार घेऊन येतो. धूर मात्र खरा आहे, त्यावर वाद नाही.

घोडपदेवकर
सगळं शांतपणे वाचलं. गोदीवर एवढा निबंध झाला. हा गोदी कामगार रात्री झोपायचा कुठे ते कोणी सांगेल का? घोडपदेवच्या चाळींत. एक शब्द नाही आमच्यावर. सवय आहे म्हणा.

नेसबिट_रोड
कारण घोडपदेव माझगावात येत नाही. माझगाव ४०००१०, तुम्ही ४०००३३. विषय संपला.

घोडपदेवकर
पिनकोड टपालखात्याच्या सोयीसाठी असतो हो, इतिहासाच्या नाही. पालिकेचा वॉर्ड तुमचाही ई, आमचाही ई. १९९५ ला बाळा नांदगावकरांनी माझगावात भुजबळांना पाडलं तेव्हा गुलाल आमच्या नाक्यावर उधळला होता, नेसबिट रोडवर नाही.

नेसबिट_रोड
गुलालावरून हद्द ठरायला लागली तर अर्धी मुंबई माझगावात येईल. आणि मतदारसंघाचं म्हणाल तर २००९ पासून माझगाव नावाचा मतदारसंघच नाही, भायखळ्यात गेला. मग आता आपण सगळे भायखळेकर का?

परळचा_मामा
मी बाहेरचा, पण एक किस्सा. धाकट्या बहिणीला स्थळ आलं, मुलगा ‘माझगावचा’. आई खूश, म्हणाली समुद्राची हवा. टॅक्सीवाल्याने उतरवलं घोडपदेव नाक्यावर. आई खाली उतरेना.

नेसबिट_रोड
बघा! मुलाकडच्यांनाही ठाऊक होतं कुठलं नाव सांगायचं ते.

घोडपदेवकर
मामा, लग्न मोडलं का?

परळचा_मामा
छे, झालं. भाचा नोकरीला लागला आता. त्याला घोडपदेवचा म्हटलं की राग येतो.

घोडपदेवकर
मग राग आलेला चांगलाच आहे, आईच्या आईवर गेलाय.

नेसबिटसाहेब, तुम्हाला खरं दुखतंय काय ते बोला ना. चाळीतली माणसं पत्त्यात नकोत. ८२ चा संप झाला, बापाची गिरणी बंद. बाप पहाटे धक्क्यावर मासळीसाठी बर्फ फोडायला जायचा. घरी यायचा तेव्हा बोटं आखडलेली, कप धरता यायचा नाही, आई चहा बशीत ओतून तोंडाला लावायची. तो धक्का माझगावचा, तिथलं काम माझगावचं, फक्त तो फोडणारा माणूस माझगावचा नाही. वा!

नेसबिट_रोड
तुमच्या वडिलांबद्दल मी एक अक्षर बोललो नाही, ते मध्ये आणू नका. भावनेने नकाशा बदलत नाही.

पाखाडीची_पोर
नकाशा भावनेने बदलत नाही, पैशाने बदलतो. घोडपदेवात चाळ पाडून टॉवर उभा राहिलाय, माझी मैत्रीण फ्लॅट बघायला गेली होती. एजंटच्या तोंडी एकदाही घोडपदेव नाही. ‘मॅडम, हे माझगाव. हार्बर व्ह्यू.’ चाळ होती तोवर घोडपदेव, चोविसावा मजला झाला की माझगाव. त्या एजंटला सांगा ना तुमचा ४०००३३.

नेसबिट_रोड
एजंट खोटं बोलतात हा काही नवीन शोध नाही.

घोडपदेवकर
खोटं कुठे, पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललाय. फक्त त्यासाठी मोजायचे पैसे आमच्याकडे नाहीत.

गनपावडर_रोड
हद्दीचं चालू द्या, मी एक आठवण करून देतो. नवाब टँक रोडवर १९१९ चं चिनी देऊळ आहे. गोदीमुळे आलेले चिनी लोक इथे वस्ती करून होते, १९६२ च्या चीन युद्धानंतर बहुतेक गेले. हसनाबादला इस्माइली खोजांचे धर्मगुरू पहिले आगाखान यांची कबर आहे. या दोघांचे पिनकोड तपासलेत का कोणी?

नेसबिट_रोड
दोन्ही ४०००१०. आभारी आहे.

रेवसचा_पाहुणा
आम्हा अलिबागकडच्यांसाठी माझगाव म्हणजे भाऊचा धक्काच. १७ जुलै १९४७ ला गटारीच्या दिवशी ‘रामदास’ तिथून रेवसला निघाली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. आमच्या गावात त्या दिवशी श्राद्धं असायची, एका आळीत तीन-तीन. आता रो-रो बोटीत गाडी घालून मांडव्याला जाणारे कॉफीचा कप हातात घेऊन त्याच पाण्याकडे बघत असतात. तुम्ही भांडा पिनकोडवर.

खाडीकिनारा
बघितलंत? मी भिंतीचं बोललो, त्याला उत्तर दोन ओळींचं, आणि घोडपदेवला अख्खा धागा. मुद्दा अजून तिथेच आहे. जमीन मोकळी व्हायला हवी.

डॉकयार्डचा_उतार
दोन ओळींत उत्तर दिलं कारण दोन ओळींचंच होतं. जमीन मोकळी करा, पण आधी कागदावर लिहून द्या: किनाऱ्यावर चालायला तिकीट नाही, आणि कारखाना आहे तिथेच राहणार. मी ‘मोकळी’ झालेली गिरण्यांची जमीन बघितलीय, लोअर परळला. तिथे मी आता पार्किंगचे पैसे भरून जातो.

घोडपदेवकर
याला मात्र माझा पाठिंबा. वडिलांच्या गिरणीच्या जागी काय आलं ते मी विसरलेलो नाही.

खाडीकिनारा
घ्या, तुम्ही दोघं एक झालात म्हणजे मी हरलोच. ठीक आहे, माझगाव झोपलेलं नाही. रात्री अडीचला ट्रक रिव्हर्स घेताना वाजणारी ती पिपाणी ऐकून कोण झोपणार! आणि कारखाना राहू दे, पाणबुड्या बांधणाऱ्यांशी वैर घेण्याइतकी माझी ऐपत नाही. बाकीच्या भिंतीवर मी ठाम. तिकीट लावलं तर तुमच्याबरोबर मोर्चाला येईन, घोषणा मात्र तुम्ही द्या, माझा आवाज दारूखान्याने खाल्लाय.

नेसबिट_रोड
मोर्चा निघणार कुठून?

घोडपदेवकर
घोडपदेव नाक्यावरून. माझगावातून.