नववीतला मुलगा शाळा सोडून कारखान्यात जायचं म्हणतोय, मदत हवी आहे

नमस्कार. सोलापुरात पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववीची वर्गशिक्षिका आहे. वर्गातल्या एका मुलाने शाळा सोडायचं पक्कं ठरवलंय. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. सुट्टीत तो टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरायला (मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळायला) गेला आणि आठवड्याचा पगार हातात पडू लागला. आता शाळेत आला तर आला.

सगळे म्हणतात पैशाची चटक लागली. मला तसं वाटत नाही. गणितात तो चांगला आहे. पण घरी तेलुगू बोलतात, विज्ञान-इतिहासाचे धडे वाचताना अडखळतो, आणि आठवीपर्यंत हे कुणी मनावर घेतलं नाही. नववीत सगळं एकदम अंगावर आलं. पहिल्या चाचणीचे पेपर वाटले, त्यानंतरच त्याचं येणं कमी झालं. कारखान्यात "तुला येत नाही" असं त्याला कुणी म्हणत नाही.

वडील विचारतात, "दहावी होऊन शेवटी मागावरच यायचं ना, बाई?" आईला मात्र त्याने शिकावंसं फार वाटतं. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज मी भरून देणार आहे.

कायद्याचा फारसा आधार नाही. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता, हा पंधरा वर्षांचा. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनेही १४ ते १८ च्या मुलांना बंदी आहे ती धोकादायक कामांचीच. आणि धाकाने तो बाकावर बसेल, शिकणार नाही.

सहकारी म्हणतात, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीची परीक्षा देऊ दे. पण त्यासाठी शाळेचा मूळ दाखला काढावा लागतो. एकदा नाव कमी झालं की कारखान्यात पाळी करून दमलेलं पोर पुस्तक उघडेल का? माझा जीव इथेच अडकतो.

कुणाचं मूल काम करत १७ नंबरने दहावी झालंय का? अभ्यास कुणी, कसा करून घेतला? आठवी पासवर आयटीआयला वायरमन किंवा वेल्डर केलेलं कुणी आहे का, पुढे काम कसं मिळालं? आणि नववीच्या मुलाचं वाचन त्याला कमीपणा न वाटता कसं सुधारावं? शिक्षकांनी हे जरूर सांगा. येत्या रविवारी त्याच्या घरी जाणार आहे, वडिलांशी काय बोलू तेही सुचवा.