नवं लॅटिस गृहीतक प्रॉडक्शनमध्ये घ्यावं का?

ऐरोलीकर: महापेच्या आमच्या ऑफिसात यावरून जोरदार वाद चालू आहे. ग्राहकाला त्याच्या टोकनांसाठी क्वांटम संगणकापुढे टिकणारी ब्लाइंड सिग्नेचर (मजकूर न पाहता केलेली डिजिटल सही) हवी आहे आणि टीमने ‘वन-मोअर-आयएसआयएस’ या २०२२ मधल्या लॅटिस गृहीतकावरची स्कीम पुढे केली आहे. लॅटिस म्हणजे बिंदूंची जाळी, आणि गृहीतक म्हणजे तिच्यावरचं अमुक गणित कोणाला सुटणार नाही असं धरून चालणं. माझा ठाम विरोध आहे. रेगेव्हने एलडब्ल्यूई हे जुनं लॅटिस गृहीतक २००५ मध्ये मांडलं, त्याच्या मॉड्यूल रूपावरचं एमएल-केईएम (गुप्त चावी ठरवायची पद्धत) प्रमाणित झालं ऑगस्ट २०२४ मध्ये. मधली सगळी वर्षं लोक ते फोडायला बसले होते. इथे तर हल्लेखोराला त्या गणिताची मागेल ती छोट्या लांबीची उत्तरं (सदिश) आधी देऊन टाकायची, आणि त्याहून एक जास्त त्याला काढता येणार नाही असं धरून चालायचं. पण मिळालेले सदिश एकमेकांत मिसळून नवं उत्तर बनतंच, फक्त ते लांब होतं. म्हणजे सगळी भिस्त ‘किती लांबीपर्यंत चालेल’ या एका मर्यादेवर!

कोपरी पूर्व: नुसत्या वयाला काय अर्थ आहे? एसआयकेई या चावी ठरवायच्या दुसऱ्या, लॅटिसवर नसलेल्या पद्धतीची मूळ कल्पना २०११ ची. २०२२ मध्ये कास्ट्रिक आणि देक्रू यांनी तिचा सर्वात छोटा पॅरामीटर संच प्रोसेसरच्या एका कोअरवर तासाभरात फोडला. उलट एनटीआरयू हे लॅटिसवरचं एन्क्रिप्शन १९९६ मध्ये आलं तेव्हा त्याला भक्कम सिद्धता नव्हती, तरी आज फाल्कन ही डिजिटल सहीची स्कीम त्याच्यावरच उभी आहे.

ऐरोलीकर: एसआयकेई पडलं कशामुळे ते पण सांगा ना. चावीसोबत काही बिंदूंच्या प्रतिमा (गुप्त नकाशाने ते बिंदू कुठे जातात ते) जाहीर कराव्या लागायच्या, त्या जास्तीच्या माहितीनेच घात केला. मी तेच म्हणतोय.

वाशी सेक्टर १७: एप्रिल २०२४ आठवतो का? यिलेई चेन यांचा एलडब्ल्यूईवरचा क्वांटम अल्गोरिदम आला आणि सगळ्यांची झोप उडाली. आठ दिवसांत नवव्या पायरीतली चूक सापडली, कारण त्या प्रश्नावर डोळे खूप आहेत. नव्या गृहीतकाकडे बघणारे मोजकेच.

कोपरी पूर्व: मान्य. पण सही आणि एन्क्रिप्शन एका मापाने मोजू नका. आजचा सायफरटेक्स्ट (एन्क्रिप्ट केलेला मजकूर) साठवून दहा वर्षांनी उघडता येतो. मुदत संपलेलं टोकन उद्या बनावट करून कोणाला काय मिळणार? गृहीतक कोसळलं तर स्कीम बदला. फक्त सही करणाऱ्यापासूनची गुप्तता या गृहीतकावर टांगू नका, ती आधी तपासा.

ऐरोलीकर: हा मुद्दा पटला. पण आमच्या ग्राहकाची टोकनं वर्षभर चालतात. ती मुदत एका दिवसावर आणा, छोट्या पॅरामीटरची उदाहरणं लोकांना फोडून बघायला जाहीर करा, मग मी सही करतो.